कोपरापर्यंत हात

निपाणीहून बंगळूरची गाडी दुपारी दीडची होती आणि मी सकाळी नऊलाच तयार होऊन बसले होते. या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली. दारात पत्र्याची ट्रंक, झाकणाला आतून चिकटवलेली यादी, यादीत सत्तावीस वस्तू आणि प्रत्येकीपुढे निळ्या पेनाने केलेली बरोबरची खूण. बेळगावच्या अनगोळला आत्याच्या घरी राहून मी इंजिनिअरिंग केलं. दुसऱ्याच्या घरात सारखं काही मागायला मन कचरायचं, म्हणून काही विसरून चालायचं नाही. यादीची सवय तिथं लागली. आता तर तिरुवनंतपुरम गाठायचं होतं. रॉकेट बनवणाऱ्या सरकारी केंद्रात नोकरी लागली होती. आमच्या गल्लीत त्या गावाचं नाव कुणाला धड म्हणता येत नव्हतं. शेजारची काकू नुसतं ‘तिकडं खाली’ म्हणायची.

आई तंबाखूच्या वखारीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. यादीकडे तिनं पाहिलंही नाही. ट्रंकेपुढे उकिडवी बसली, डोळे मिटले आणि कपड्यांच्या घड्यांमधून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. तळ चाचपला, चारही कोपरे चाचपले. हात बाहेर काढून म्हणाली, “एक वस्तू कमी हाय.”

“सगळं हाय गं. खुणा केल्यात न्हवं?”

“वाकळ न्हाय.”

वाकळ यादीत सतरावी होती. तिच्यापुढे खूण होती. आणि ती खाटेखाली होती, कारण पहाटे मीच ती ट्रंकेतून काढून तिथं सरकवली होती. आईच्या जुन्या लुगड्यांची, आत अण्णांची फाटकी धोतरं घातलेली ती जाडजूड गोधडी होस्टेलच्या खाटेवर पसरायची मला लाज वाटत होती. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्यापुढे ‘लाज वाटते’ असं म्हणायचीही लाज वाटत होती. म्हणून वस्तू काढली आणि खूण तशीच ठेवली.

आईनं खाटेखाली वाकून बघितलं नाही. “खूण केली म्हंजे वस्तू आली असं नसतंय बाय,” एवढंच म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

अण्णा सुतळी घेऊन उभे होते. ट्रंक बांधायची होती. ते आईकडे बघत राहिले, आई काही बोलेना. वेळ होत आली तेव्हा त्यांनी मान खाली घालून ट्रंक बांधली. आईच्या ‘व्हय’शिवाय अण्णांनी मारलेली, माझ्या माहितीतली ती पहिली गाठ.

हे ‘व्हय’ काय ते सांगायला हवं. निपाणीत राहिलेल्यांना वखार नव्यानं सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि ज्यांची मुलं बाहेरच वाढली, त्यांच्यासाठी सांगते. वखारीत तंबाखू येतो. बायका तो चाळतात, वाळवतात, निवडतात आणि बोदात भरतात. बोद म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच पोतं. तंबाखूत ओल राहिली तर बोद आतून तापतो आणि कुजतो, बाहेरून मात्र काही कळत नाही. म्हणून आईच्या वखारीत एक रीत होती. जी बाई बोद भरेल तिनंच तो शिवायच्या आधी त्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. ओल लागली नाही, ऊब लागली नाही, तर ‘व्हय’ म्हणायचं. मग शिवणाऱ्यानं दाभण उचलायचं. दुसऱ्या बाईचं व्हय चालायचं नाही. दिवाणजीचंही नाही.

अण्णा शिवणारे होते. आईचे बोद तेच शिवायचे, आणि लग्न त्यातूनच जमलं असं आत्या सांगायची. “दहा आकडे मोजायला तुझी आई विसाचा येळ लावायची,” अण्णा म्हणायचे. “म्या आपला दाभण धरून हुबा.”

“घाई हुती तर दुसरीचं बोद शिवायचं हुतं,” आई चुलीपुढून म्हणायची.

एकदा ट्रक भरायला उभा होता आणि दिवाणजी आईवर ओरडत होता. आईनं शांतपणे सगळा बोद फरशीवर उपडा केला. मधोमध ओंजळभर पान गरम निघालं. तेव्हापासून वखारीत सगळे तिला आक्का म्हणायला लागले. तिच्याहून वयानं मोठा असलेला दिवाणजीसुद्धा.

तर माझ्या ट्रंकेला आई ‘व्हय’ म्हणाली नाही. स्टँडवर आली, दशम्यांचं फडकं दिलं, खिडकीतून हात घालून माझ्या गालावरून फिरवला. हाताला नेहमीचा वास होता. गाडी सुटली तेव्हा मी स्वतःला सांगितलं, एका गोधडीची गोष्ट आहे, संकेश्वर येईपर्यंत विसरून जाशील. संकेश्वर आलं आणि गेलं. मग बेळगाव, धारवाड, हुबळी. पुढे कित्येक वर्षं मी आईला हा प्रश्न विचारायचं टाळत आले: तुझं ‘व्हय’ वाकळीसाठी अडलं होतं, की माझ्या जाण्यासाठी?

तिरुवनंतपुरमला पहिल्या दिवशी ओळख झाली ती ओलीची. मीठ पाझरायचं, चपलांना बुरशी यायची, ट्रंकेला चिकटवलेली यादी महिन्याभरात सुटून हातात आली. आणि मला काम मिळालं ते नेमकं ओलीशी भांडण्याचं. रॉकेटच्या काही मोटरींत घन इंधन असतं. ते आधी भज्याच्या पिठासारखं घट्ट कालवतात, मोटरीच्या नळकांड्यात ओततात आणि बरेच दिवस उबदार भट्टीत ठेवतात. मग ते रबरासारखं घट्ट बसतं. कालवताना ओल शिरली तर आत पोकळ्या राहतात, भेगा पडतात, आणि पेटवल्यावर आग त्या भेगांत शिरून मोटर फुटू शकते. बाहेरून काही कळत नाही. पहिल्या आठवड्यात एका वरिष्ठांनी हे फळ्यावर काढून समजावलं. सगळे वहीत आकृती उतरवत होते. मी वहीत लिहिलं: बोद.

फरक होता तो एवढाच, की इथं हात घालता येत नाही. कालवण्याच्या वेळी त्या इमारतीत कुणी थांबत नाही. जाड भिंतीपलीकडे बसून यंत्र चालवावं लागतं. जे काही तपासायचं ते आधी. त्यासाठी एक यादी, बेचाळीस कलमांची. प्रत्येक झडपेपाशी, प्रत्येक वाळवणीयंत्रापाशी, ओल मोजणाऱ्या प्रत्येक काट्यापाशी स्वतः जायचं, बघायचं, खूण करायची, शेवटी सही. ज्याची सही त्याची जबाबदारी. हे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

सुरुवातीला मला त्या इमारतीत जाऊ देत नसत. “मॅडम, तुम्ही रेकॉर्ड्स बघा.” मी रेकॉर्ड्स बघितले आणि कोणत्या दिवसाच्या यादीत काय राहून गेलं आहे त्याची एक यादी केली. ती कुणाला आवडली नाही. पण पुढच्या वर्षी मला फेरीवर घेतलं, आणि बऱ्याच वर्षांनी मिश्रणघराचा ताबा दिला. तो ताबा मिळालेली मी आमच्याकडची पहिली बाई, असं सत्कार करताना माइकवर सांगतात. वखारीतल्या बायकांना हे ऐकवलं तर त्या हसतील. तिथं तो ताबा कायम बायकांकडेच होता.

बाकी नव्या आयुष्याशी जमवून घेतलं. निपाणीच्या माणसाला घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, याची लहानपणापासून सवय असते. मल्याळम ही तिसरी. जेवणात भाकरीच्या जागी भात आला, ताकाला मोरु म्हणायला लागले. माझ्या हाताखालची शैलजा मला चेची म्हणते, म्हणजे आपल्याकडची आक्काच. लग्न माझ्या वहीत होतं. या वर्षीच्या पानावरून पुढच्या वर्षीच्या पानावर जात राहिलं, आणि एकदा वही बदलली तेव्हा उतरवून घ्यायचं राहिलं. त्याची खंत फारशी नाही. खंत आहे ती वेगळी. या बत्तीस वर्षांत मी एका ठिकाणी पूर्ण अशी कधी नव्हते. क्वार्टरमध्ये असले की निपाणीची कामं मनात मांडत बसायची, निपाणीत पाऊल टाकलं की परतीच्या तिकिटाची वेळ बघायची. तुम्हा निपाणीकरांतले जे बाहेर गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे राहिले, त्यांनी आम्हाला घड्याळाकडे बघताना पाहिलं आहे.

अण्णांची गोष्ट आता सांगते. मगापासून ती पुढे ढकलते आहे.

सुमारे वीस वर्षं झाली. एका मोठ्या मोटरीचं इंधन ओतायचं होतं आणि सकाळची फेरी माझी होती. तेहतीस कलमं झाली होती, तेवढ्यात ऑफिसच्या फोनवर आत्याचा निरोप आला. अण्णांना बरं नाही, निघून ये. बंगळूरची रेल्वे सुटायला दीड तास होता. उरलेली नऊ कलमं मी आदल्या संध्याकाळीच स्वतः बघितलेली होती. मी खुर्चीत बसले, नऊ खुणा केल्या, सही केली, शैलजाच्या हातात कागद दिला आणि रिक्षा पकडली.

गाडी कोल्लम सोडून पुढे गेली. समोर एक बाई मुलीच्या पिशवीतलं सामान तपासत होती; एकेक वस्तू हाताने वर काढायची, बघायची, परत ठेवायची. मी पाहत होते. मग लक्षात आलं. नऊ वाकळी खाटेखाली सरकवून मी निघाले होते.

कोट्टयमला उतरले. स्टेशनबाहेरच्या बूथवरून फोन लावला. शैलजाला म्हटलं, “ओतणं थांबव. शेवटच्या नऊ खुणा मी बसून केल्यात.” ती म्हणाली, “चेची, मी स्वतः जाऊन बघते ना ती नऊ. तुम्ही घरी जा.” पण नियम होता, आणि तो मीच लिहिलेला होता: सही मागे घ्यायची तर जिने केली तिने समोर येऊन. मी एसटीने उलट तिरुवनंतपुरमला गेले. संध्याकाळी पोहोचले, कागदावर लाल रेघ मारली, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ कलमं पायी फिरून बघितली.

सगळी बरोबर होती. एकही काटा हललेला नव्हता. एकही झडप सैल नव्हती. ती मोटर पुढे उडाली आणि व्यवस्थित उडाली.

मी पुढच्या गाडीने निघाले आणि निपाणीला पोहोचले तेव्हा अण्णांचं सगळं आदल्या संध्याकाळी उरकलं होतं. विहारात वंदनाही झाली होती. दारात आत्या होती. ती म्हणाली, “एक दिस रॉकेट थांबलं असतं तर चंद्र काय पळून जात न्हवता.”  बोलण्यासारखं होतं ते सांगितलं असतं तर आणखीच वाईट दिसलं असतं: रॉकेट मी थांबवलंच होतं, आणि थांबवायची गरजच नव्हती.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं उशीर का झाला ते विचारलं नाही.

“तुझा बोद बरा हुता?”

“हुता.”

“समदा?”

“समदा.”

“मग आंघोळ कर जा.”

मी आंघोळ केली आणि कामाला लागले. मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव, वीजमीटर आईच्या नावावर, चिकोडीला एका कागदासाठी दोन खेपा. चौदा कलमं. सातव्या दिवशी चौदा खुणा झाल्या आणि आठव्या दिवशी मी गाडीत होते. आत्यानं नंतर आईला माझ्यावरून बरंच ऐकवलं असणार. आईनं त्यातलं मला काही सांगितलं नाही. आणि मी धरून चालले की ती मला माफ करत नाहीये.

त्यानंतर मिश्रणघराच्या यादीत मी एक रकाना वाढवला: खूण कुठे उभं राहून केली. आजही तो आहे. नवे लोक हसतात, मग भरतात.

आई माझ्याकडे एकदाच राहायला आली. अकरा दिवस. रोज सकाळी क्वार्टरच्या भिंतींना तळहात लावून बघायची. “ह्या गावात तंबाखू टिकायचा न्हाय,” म्हणाली. शैलजा भेटायला आली तेव्हा दोघी तासभर बोलल्या, एक मल्याळममध्ये आणि एक मराठीत. दोघींना सगळं कळलं असं दोघींनीही मला सांगितलं. बाराव्या दिवशी आईनं पिशवी भरली. मी थांबवलं नाही. थांब म्हणायचा हक्क आपल्याला नाही, असं वाटलं.

गेल्या दिवाळीत ती न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण शहात्तरीची बाई घरात एकटी. मी ठरवून टाकलं. जानेवारीत तीन दिवसांची रजा, दोन कन्फर्म तिकिटं आणि अडतीस कलमांची यादी घेऊन निपाणीला आले. गॅस बंद करणे. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. डोळ्याच्या डॉक्टरांचे जुने कागद. कलम दोन होतं: आईला विचारणे. त्यावर खूण होती. फोनवर मी म्हटलं होतं, “येशील न्हवं?” आणि ती म्हणाली होती, “बगू.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाकांची बॅग भरून झाली. आई खाटेच्या कडेला बसली. मोतीबिंदूनंतर तिला एका डोळ्यानंच नीट दिसतं; तिनं दोन्ही मिटले आणि बॅगेत हात घातला. कोपरापर्यंत. मी यादी घेऊन समोर उभी.

“एक वस्तू कमी हाय.”

“वाकळ हाय आई. सकाळी माझ्या हातानं ठेवली.”

“हात घाल.”

घातला. साड्या, शाल, औषधांचा डबा, टॉवेल. वाकळ नव्हती. मी खाली बसले आणि खाटेखाली बघितलं. तिथं होती, घडी करून, भिंतीला लावून.

“तू काढलीस?”

“न्हाय, उंदरानं काढली.” तिचा चेहरा सरळच होता. “बत्तीस वर्सं झाली. म्हटलं, पोरगी शिकली का बगावं.”

मला हसू आलं, मग तिलाही. ती हसता हसता खोकली; वखारीतल्या भुकटीचा तो खोकला अजून गेलेला नाही. पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं भांडं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “म्या न्हाय येत.”

“आई, तिकिटं काढल्यात.”

“मला इचारलंस?”

“इचारलं की. फोनवर.”

“खूण केलीस,” ती म्हणाली. “इचारलं न्हाईस.”

मी खाली फरशीवरच बसून राहिले. ती बोलत गेली, आवाज न चढवता, बोद उपडा करताना चढवला नव्हता तसाच. “अण्णा गेल्यापास्नं तू ह्या घरात येतीस. बिलं भरतीस. माझ्या गोळ्या डबीत मोजून घालतीस. लई चांगलं करतीस, न्हाय म्हनत न्हाय. पर बसली न्हाईस कधी. त्येंच्याफुडंबी खूण केलीस आन् गेलीस.”

तेव्हा मी तिला सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीत बसून केलेल्या नऊ खुणा, कोट्टयम, उलटी एसटी, आणि शेवटी सगळं बरोबर निघालं ते. “नुसतंच उतरले गं. काही नव्हतं त्यात. उतरले नसते तर अण्णा भेटलं असतं.”

तिला ऐकून धक्का बसेल असं मला वाटत होतं. ती मग म्हणाली, “त्यात काय हुतं का न्हवतं, ते हात घातल्याबिगर कुनाला कळतंय? मीबी लई बोद उपडं केलं. धापैकी नऊ चांगलं निघायचं. दिवाणजी कावायचा, आन् त्ये अण्णा गप परत भरू लागायचं. त्येंनी तुला एक सबुद बोल लावला नसता.”

“आन् तू?”

“म्या कशाला लावीन? त्यो बोद तू बगितलास. ह्यो बगायचा राहिला.” तिनं हात करून भिंतीवरची खुंटी दाखवली.

खुंटीवर अण्णांची खाकी पिशवी होती. ती कायम तिथं होती. अण्णा गेले त्या आठवड्यातल्या चौदा कलमांत ‘अण्णांचे सामान’ असंही एक कलम होतं आणि त्यापुढे मी लिहिलं होतं: आईने ठेवले. मी पिशवी खाली काढली. “डोळं झाक,” आई म्हणाली. मी झाकले. हात आत घातला, कोपरापर्यंत.

आई मोठ्यानं मोजायला लागली. एक. दाभण लागलं, लाकडी मूठ गुळगुळीत झालेली. दोन. सुतळीचा गुंडा. चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पत्रांचा गठ्ठा, माझीच पत्रं. तेवढं जाड पत्र मी कितीतरी वर्षं कुणाला लिहिलं नव्हतं. अण्णा ती आईला वाचून दाखवायचे, आणि उत्तरात शेवटी न चुकता लिहायचे: आई विचारते, तिकडं ओल कशी आहे. चार. पाच. तळाशी तंबाखूची बारीक भुकटी होती, नखात शिरली. आई विसाचा वेळ लावत होती. सातापर्यंत मी धरून ठेवलं होतं. पुढचं इथं लिहीत नाही.

“धा,” आई म्हणाली. “ओल लागली?”

“लागली.”

“मग शिवायचा न्हाय अजून. वाळू दे.”

संध्याकाळी मी तिकिटं रद्द केली आणि शैलजाला फोन करून आठ दिवसांची रजा वाढवली. “अम्मांना इकडे आणणार होता ना चेची?” तिनं विचारलं. म्हटलं, माझंच कलम चुकलं होतं. त्या आठ दिवसांत मी काही केलं नाही. आईनं निवडलेल्या तांदळातले खडे पुन्हा निवडले, आत्याच्या घरी जाऊन तिची दोन-चार बोलणी खाल्ली, दुपारी अण्णांच्या जागी भिंतीला टेकून बसले. तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, “कटाळा आला का?” म्हटलं, हो. “येऊ दे,” ती म्हणाली.

निघताना न राहवून तो जुना प्रश्न विचारलाच. त्या वेळी व्हय का म्हटलं नाहीस? मला जाऊ द्यायचं नव्हतं का?

“जाऊ द्यायचं न्हवतं तर कोपरापतोर हात कशाला घातला असता?” आई म्हणाली. “तुझ्या ट्रंकेत वाकळ न्हवती. न्हाई त्या वस्तूला व्हय कसं म्हनू?”

एवढंच होतं. बत्तीस वर्षं मी त्यात नको ते भरत आले होते.

हे मी क्वार्टरमध्ये बसून लिहिते आहे. मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला आहे आणि तो मंजूर झाला आहे; अजून तीन महिने. न्हाणीत धरायला दांडी बसवून घेतली, शेजारच्या काकू आईच्या सोबतीला येतात, आत्याही अधूनमधून अनगोळहून येऊन भांडून जाते. मिश्रणघराचा ताबा शैलजाकडे जाईल. परवाच्या फेरीला मी तिच्यामागून चालत होते. एका झडपेपाशी तिनं खूण करण्याआधी तळहात टेकवला आणि क्षणभर थांबली. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. कदाचित त्या अकरा दिवसांतल्या तासाभरात कुणीतरी सांगितलं असेल.

वाकळ या वेळी माझ्याबरोबर आली. आईनं ठेवली आणि मी हात घालून बघितली. इथल्या हवेत ती दमट होते आणि तंबाखूचा वास उठतो; सकाळी उन्हात टाकते. झोप अजून तुटक आहे. निपाणीत गेल्यावर ही तगमग थांबेल असंही मी धरून चालत नाही. तिथं गेल्यावर समुद्राची दिशा शोधेन, मोरु म्हणेन आणि काकू हसतील. घर म्हणजे काय, ते मला वीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर चौदा कलमांत सांगितलं असतं.

नवी यादी केली आहे. क्वार्टरची किल्ली, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, पुस्तकांची चार खोकी, पंखा कुणाला द्यायचा. पुढच्या आठवड्यापर्यंत बहुतेक खुणा होतील. पहिल्या ओळीवर फक्त ‘घर’ लिहिलं आहे आणि पुढचा चौकोन मोकळा ठेवला आहे. ती खूण इथं बसून करायची नाही.